सड्यावरची ३ मीटरची ताटली आणि धूमकेतूचे पाणी : एक प्रकरण अभ्यास

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका विज्ञान महाविद्यालयाकडे जाळीची ३ मीटर व्यासाची ताटली, म्हणजे छोटी रेडिओ दुर्बीण, आहे. समुद्रापासून थोड्याच अंतरावर, कातळाच्या सड्यावर ती उभी आहे. आकाशगंगेतल्या हायड्रोजनची १४२०.४ मेगाहर्ट्झची रेषा त्यावर पदवीचे विद्यार्थी नेहमी घेतात. सप्टेंबर २०२४ मध्ये त्सुचिनशान–ॲटलस धूमकेतूची (सी/२०२३ ए३) चर्चा सुरू झाली. हा धूमकेतू २७ सप्टेंबरला सूर्यापासून ०.३९ खगोलीय एककांवरून (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर) गेला आणि १२ ऑक्टोबरला पृथ्वीपासून ०.४७ एककांवर, म्हणजे सुमारे ७ कोटी किलोमीटरवर आला. त्याच ताटलीने या धूमकेतूची रासायनिक घडण तपासता येईल का, असा प्रस्ताव विभागापुढे आला. त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या. धूमकेतू डोळ्यांना दिसतो, तर रेडिओवरही सापडेल ही पहिली. आणि आपल्याकडून जमले नाही तर घाट चढून पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीकडे वेळ मागता येईल ही दुसरी. दोन्ही तपासाव्या लागल्या.

नेमके काय मोजायचे

धूमकेतूत सर्वांत जास्त असते ते पाणी. पण पाण्याची सशक्त रेषा ५५७ गिगाहर्ट्झला आहे आणि आपल्याच वातावरणातली वाफ ती पूर्णपणे अडवते. ओडिन आणि हर्शेल या अवकाश दुर्बिणींनी ती वातावरणाबाहेरून पाहिली. जमिनीवरून पाण्याचा माग काढायचा तर त्याच्या तुकड्यावरून काढावा लागतो. सूर्याच्या अतिनील किरणांनी पाण्याचा रेणू फुटतो आणि हायड्रॉक्सिल, म्हणजे ओएच, सुटा होतो. सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावर पाण्याचा रेणू सरासरी ८० हजार सेकंद टिकतो, ओएच त्याहून थोडा जास्त. ओएचच्या १८ सेंटिमीटरच्या पट्ट्यात चार रेषा आहेत : १६१२.२, १६६५.४, १६६७.४ आणि १७२०.५ मेगाहर्ट्झ. मधल्या दोन कामाच्या, त्यातली १६६७ सर्वांत जोरकस. १९७३च्या डिसेंबरात फ्रान्समधल्या नान्से दुर्बिणीने कोहोटेक धूमकेतूत या रेषा पकडल्या, आणि तेव्हापासून तिथे शंभराहून जास्त धूमकेतूंचे ओएच मोजले गेले आहे.

ओएचला इतके महत्त्व देण्याचे कारण साधे आहे. धूमकेतूची घडण सांगताना 'पाण्याच्या तुलनेत इतके टक्के' असेच सांगतात. हायड्रोजन सायनाइड साधारण ०.१ ते ०.२ टक्के, मिथेनॉल ०.६ ते ६ टक्के, कार्बन मोनॉक्साइड तर एका टक्क्याच्या आतपासून २० टक्क्यांच्या पुढेपर्यंत. या प्रत्येक अपूर्णांकाचा छेद म्हणजे पाणी. अंश कितीही काटेकोर मोजला तरी छेद चुकला की सगळी यादी चुकते. म्हणून प्रस्तावात ओएच निवडले गेले ते योग्यच होते.

रेडिओच्या मर्यादेचीही नोंद सुरुवातीलाच करायला हवी. फिरणाऱ्या रेणूला कायमचा विद्युत द्विध्रुव असेल तरच तो रेडिओत रेषा देतो. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, ॲसिटिलीन, नायट्रोजन हे सममित रेणू इथे दिसतच नाहीत. कार्बन डायऑक्साइड तर कित्येक धूमकेतूंत पाण्याखालोखाल असतो. तेव्हा 'संपूर्ण रासायनिक घडण' हे प्रस्तावाचे शीर्षक कोणत्याही रेडिओ दुर्बिणीसाठी जास्तच मोठे होते.

खोडदचा रस्ता का बंद

जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या ३० ताटल्या कोकणातून हाकेच्या अंतरावर वाटतात. पण तिथल्या सर्वांत वरच्या पट्ट्याची मर्यादा १४५० मेगाहर्ट्झच्या आसपास संपते. १६६७ त्या पट्ट्यात येतच नाही. उटीची रेडिओ दुर्बीण ३२६.५ मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे तीही नाही. ताटली कितीही मोठी असो, फीड (ताटलीने एकवटलेल्या लहरी झेलणारा डबा) आणि रिसिव्हर त्या कंपनसंख्येचे नसतील तर तिचा उपयोग नाही. वेळेसाठी अर्ज लिहायला बसण्याआधी पट्ट्यांचा तक्ता उघडून पाहावा, म्हणजे आठवडे वाचतात.

बोल्ट आवळण्याआधीचे गणित

या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा भाग कागदावर झाला, म्हणून तो सविस्तर देतो.

ओएचची रेषा उष्णतेने चमकत नाही. सूर्यप्रकाश रेणूंना वरच्या पातळ्यांवर चढवतो. ते खाली उतरताना तळच्या दोन जवळजवळच्या पातळ्यांत रेणूंची विभागणी असमान होते. वरच्या पातळीत जास्त रेणू असतील तर मागच्या ३ केल्विनच्या वैश्विक पार्श्वभूमीला, म्हणजे सगळ्या आकाशातून येणाऱ्या मंद रेडिओ प्रारणाला, ते वाढवून दाखवतात आणि रेषा उत्सर्जनात दिसते. खालच्या पातळीत जास्त असतील तर तीच पार्श्वभूमी शोषली जाते आणि रेषेच्या जागी खड्डा दिसतो. कोणते घडेल ते धूमकेतूच्या सूर्यसापेक्ष वेगावर ठरते, कारण सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा डॉप्लरमुळे ओएचच्या शोषणरेषांवरून सरकत जातात. काही वेगांना असमानता शून्याजवळ येते. त्या दिवशी धूमकेतू कितीही तेजस्वी असला तरी १८ सेंटिमीटरवर जवळजवळ काही नसते. २४ ऑक्टोबर २०२५ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट रेडिओ दुर्बिणीने ३आय/ॲटलस या आंतरतारकीय धूमकेतूत ओएच पाहिले, ते शोषणातच. म्हणून तारीख ठरवताना दृश्य तेजस्विता बाजूला ठेवून वेग आणि असमानता यांचा प्रकाशित तक्ता समोर घ्यावा.

आता आकडे. सेकंदाला ३ टन पाणी सोडणारा धूमकेतू घेऊ, म्हणजे १० च्या २९ व्या घाताइतके रेणू दर सेकंदाला. बऱ्यापैकी क्रियाशील धूमकेतू सूर्याजवळ असताना एवढे पाणी सोडतो. सूर्यापासून १ एककावर त्याच्याभोवती एका वेळी असलेले ओएच रेणू म्हणजे हा दर गुणिले ओएचचे आयुष्य (१.१ लाख सेकंद). असमानता ०.३ धरली, १६६७च्या पातळीतला वाटा पाच अष्टमांश घेतला, संक्रमणाचा दर आणि ३ केल्विनची पार्श्वभूमी घातली, तर या एका रेषेत सगळ्या धूमकेतूची मिळून शक्ती येते ६ ते ७ वॅट. लाखो किलोमीटर पसरलेल्या मेघाची ही शक्ती, आणि पडवीतला एलईडी दिवाही साधारण तेवढ्याच वॅटचा असतो. तो १५ कोटी किलोमीटरवरून पाहायचा आहे. पृथ्वीवर पोचेपर्यंत रेषेचे क्षेत्रफळ ०.४ जान्स्की-किलोमीटर प्रतिसेकंद (जान्स्की हे रेडिओ तीव्रतेचे एकक, आणि रेषेची रुंदी वेगात मोजतात), आणि रेषेची रुंदी २ किलोमीटर प्रतिसेकंद धरली तर शिखर ०.२ जान्स्की.

१२ ऑक्टोबरला धूमकेतू निम्म्याहून कमी अंतरावर येणार होता, म्हणजे अंतराच्या वर्गाने साडेचार पट फायदा. प्रस्तावात हाच फायदा धरला होता. पण त्या दिवशी धूमकेतू सूर्यापासून साधारण ०.५६ एककांवर होता. तिथे अतिनील किरण तिप्पट तीव्र असतात, त्यामुळे ओएचचे आयुष्य एक तृतीयांश होते आणि आकाशात एका वेळी असलेले रेणूही तेवढेच कमी होतात. उरलेला फायदा जेमतेम दीड पट. शिखर ०.३ जान्स्की.

समोरच्या बाजूला ताटली. ३ मीटर व्यासाचे क्षेत्रफळ ७ चौरस मीटर. कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर हाताशी ३.९ चौरस मीटर. गोंगाट केल्विनमध्येही मोजतात. हे एकूण तापमान १०० केल्विन असेल तर यंत्राचा स्वतःचा गोंगाट सुमारे ७१ हजार जान्स्कीइतका होतो. १० किलोहर्ट्झची खिडकी आणि एक तास निरीक्षण केले की तो १२ जान्स्कीपर्यंत उतरतो. ०.३ जान्स्कीचे शिखर गोंगाटाच्या पाचपट उठलेले दिसायचे तर गोंगाट ०.०६ जान्स्कीवर यायला हवा. गोंगाट वेळेच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे लागणारा वेळ ३८ हजार तासांच्या घरात, अखंड चार वर्षांहून जास्त. धूमकेतू मात्र रोज सूर्यास्तानंतर फार तर दोनेक तास पश्चिमेला दिसणार होता. नान्सेच्या दुर्बिणीचे क्षेत्रफळ सुमारे ७ हजार चौरस मीटर आहे, या ताटलीच्या हजारपट. वेळ क्षेत्रफळाच्या वर्गाने घटतो, तेव्हा तिथे तासाभरात होणारे काम इथे का होत नाही हे त्या एका गुणोत्तरातच कळते.

एवढ्यावर प्रस्ताव फेटाळता आला असता. विभागाने तसे केले नाही. निरीक्षण करायचे, पण उद्दिष्ट बदलायचे असे ठरले : ओएचची साखळी उभी करायची, आकाशातल्या ज्ञात ओएच स्रोतावर ती सिद्ध करायची, आणि धूमकेतूसाठी प्रामाणिक वरची मर्यादा काढायची. हा निर्णय आमच्या मते बरोबर होता. गणित जमत नाही म्हणून यंत्रच न उभारणारा विभाग पुढच्या जवळच्या धूमकेतूलाही रिकाम्या हाताने सामोरा जातो.

फीड : दोन कामांना एक डबा चालत नाही

हायड्रोजनसाठीचा फीड १५० मिलिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या नळीचा होता. तोच १६६७ला वापरायचा पहिला विचार होता. गोल नळीत मूळ लहर १७५.७ भागिले व्यास (मिलिमीटर) एवढ्या गिगाहर्ट्झनंतर चालते, आणि नको असलेली दुसरी लहर २२९.४ भागिले व्यासानंतर. १५० मिलिमीटरला दुसरी मर्यादा १.५३ गिगाहर्ट्झ येते. म्हणजे १.६७ला नळीत दोन्ही लहरी चालतात, फीडचा आकृतिबंध वाकडा होतो आणि कडेकडेने जमिनीची उष्णता आत येते. १३५ मिलिमीटरची नळी घेतली की मर्यादा १.३० आणि १.७० होतात, १.६६७ दोन्हींच्या मध्ये बसते. तिच्यात लहरीची लांबी २८८ मिलिमीटर, म्हणून प्रोब (सिग्नल उचलणारी तार) मागच्या झाकणापासून पावभाग, ७२ मिलिमीटरवर. प्रोबची लांबी ४५ मिलिमीटरवर सुरू करायची आणि व्हीएनएवर (जुळणी दाखवणाऱ्या मोजणीयंत्रावर) पाहत अर्धा-अर्धा मिलिमीटर कापत यायचे. बहुधा ४१ ते ४३च्या दरम्यान जुळते. त्याच नळीत १४२०ची लहर ५२६ मिलिमीटर लांब होते, प्रोबची जागा १३१वर जाते. एका डब्यात दोन्ही रेषा बसवण्याचा मोह सोडावा. दोन डबे करावेत आणि तीन बोल्टांनी बदलता येतील असे बसवावेत.

ताटलीची जाळी १२ मिलिमीटर भोकांची होती. लहरीच्या दहाव्या भागाहून, म्हणजे १८ मिलिमीटरहून, भोक लहान असल्याने ती चालली.

फिल्टरची जागा आणि खिशातला मोबाईल

१६६० ते १६७० मेगाहर्ट्झ हा पट्टा रेडिओ खगोलशास्त्रासाठी आहे. पण शेजार कोण आहे ते कोकण किनाऱ्यावर नीट समजून घ्यावे लागते. इनमारसॅट वापरणारी जहाजे उपग्रहाकडे १६२६.५ ते १६६०.५ मेगाहर्ट्झमध्ये प्रसारण करतात, म्हणजे ओएचच्या अगदी उंबरठ्यापर्यंत. बंदरात ये-जा करणारी आणि अरबी समुद्रातून जाणारी जहाजे सड्यावरून थेट नजरेच्या रेषेत येतात आणि धूमकेतूही नेमका पश्चिमेलाच, समुद्रावर होता. त्याखाली १६१६ ते १६२६.५मध्ये इरिडियमचे उपग्रह-फोन. वरच्या बाजूला १७१०पासून मोबाईलचे प्रसारण आणि १८०५पासून टॉवरचे.

पहिल्या चाचणीत १६६७च्या आसपास रुंद, मधूनच उठणारा उंचवटा दिसला. तो ओएच नव्हता हे कळायला एक जुनी कसोटी पुरली. पहिल्या ॲम्प्लिफायरनंतर ३ डेसिबलचा अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल घटवणारा तुकडा, लावला. बाहेरून आलेला खरा सिग्नल ३ डेसिबल उतरला असता. उंचवटा ९ डेसिबल उतरला, म्हणजे तो पुढच्या टप्प्यात दोन मोठ्या सिग्नलांच्या भेसळीतून तयार होत होता. १८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात फोन आणि टॉवर यांच्यात नेहमी ९५ मेगाहर्ट्झचे अंतर असते. फोन १७६२वर बोलत असेल तर टॉवर १८५७वर. १७६२ची दुप्पट वजा १८५७ म्हणजे नेमके १६६७. शेजारी उभ्या असलेल्या मुलांच्या खिशातले फोनच या भेसळीत निम्मा वाटा उचलत होते. फोन विमान मोडवर टाकले आणि उंचवटा बराच खाली आला. पूर्ण गेला तो फिल्टर लावल्यावर.

फिल्टर कुठे लावायचा यावर मतभेद झाले. ॲम्प्लिफायरच्या आधी लावला तर भेसळ मुळातच थांबते, पण अर्ध्या डेसिबलचे नुकसानसुद्धा ३५ केल्विन वाढवते आणि रिसिव्हरचे ६० केल्विन सुमारे १०० होते. एकूण तापमान १०० वरून १४०च्या पुढे जाते आणि लागणारा वेळ दुप्पट होतो. म्हणून मोठे सिग्नल सहन करणारा पहिला ॲम्प्लिफायर थेट फीडवर, त्यानंतर कॅव्हिटी फिल्टर, मग दुसरा ॲम्प्लिफायर आणि नंतर केबल अशी रचना ठरली. टॉवर कातळाच्या उंचवट्याआड येईल अशी ताटली थोडी हलवली, तेव्हा पहिला टप्पाही सुरक्षित झाला. सड्याच्या बाबतीत ही मोठी सोय आहे. जागा मोकळी असल्याने पाच-पन्नास मीटर सरकून आडोसा मिळवता येतो, माडांच्या बागेत ते जमत नाही. शिवाय माडाची झावळी बीममध्ये (ताटलीला दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्यात) आली की ती ३०० केल्विनची गरम वस्तू म्हणूनच दिसते.

रोजची तपासणी साधी ठेवावी. फीडच्या तोंडावर शोषक फोम धरायचा, मग काढून आकाश पाहायचे, आणि दोन्हींतला फरक लिहायचा. रिसिव्हर ६० केल्विन आणि एकूण १०० असेल तर फरक ५.६ डेसिबल येतो. हा एक आकडा रोज वहीत उतरला पाहिजे.

खारा वारा

याच आकड्याने पुढची अडचण दाखवली. ५.६चा फरक काही दिवसांत ४च्या खाली आला. ॲम्प्लिफायर बदलून पाहिला, काही फरक नाही. कारण प्रोबच्या बुडाशी टेफ्लॉनच्या गोल चकतीवर मिठाचा पातळ थर बसला होता. दिवसा तो कोरडा आणि निरुपद्रवी. रात्री दव पडले की ओला होऊन वीज वाहू लागतो आणि सिग्नलचा वाटा खातो. दुपारी सगळे ठीक आणि रात्री बिघाड, अशी तक्रार किनाऱ्यावर आली की आधी मीठ शोधावे. उपाय : गोड्या पाण्याने, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसणे, तोंडावर पातळ पॉलिथीनचा ताणलेला पडदा, आणि नळीच्या सर्वांत खालच्या बिंदूला ३ मिलिमीटरचे भोक, म्हणजे आत साचलेले पाणी निघून जाईल. ते भोक जाळीने झाकावे, नाहीतर पावसानंतर गांधीलमाश्या आत घर करतात.

एन-कनेक्टरवर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप, तीही खालून वर गुंडाळलेली, म्हणजे पाणी थरांवरून ओघळते. केबल कनेक्टरपाशी येण्याआधी खाली वळवून घ्यावी. ॲल्युमिनियमच्या जाळीत गॅल्व्हनाइज्ड बोल्ट वापरले तर आधी जस्त जाते, मग लोखंड गंजते. स्टेनलेस वापरले तर उलट ॲल्युमिनियम खाल्ले जाते. ३१६ दर्जाचे स्टेनलेस आणि मध्ये नायलॉनचे वॉशर ही जोडी टिकते.

अर्थिंगबद्दल एक इशारा. जांभा पावसात ओला असतो तोवर रोध कमी भरतो, ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर सुकला की तोच रोध कित्येक पट होतो. परतीच्या पावसातल्या विजा नेमक्या याच काळात येतात. अर्थिंगची मोजणी पावसाळ्यात करून निर्धास्त राहू नये. ती उन्हाळ्यात करावी.

निरीक्षण

रिसिव्हरसाठी साधा ८ बिटचा एसडीआर (संगणकाला जोडायचा सॉफ्टवेअर रेडिओ) पुरला, मात्र १ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक, स्थिरतेच्या ऑसिलेटरचा. १६६७ला १ पीपीएम म्हणजे १.७ किलोहर्ट्झ, वेगात ०.३ किलोमीटर प्रतिसेकंद, आणि तेवढे चालते. केंद्र १६६६.४ मेगाहर्ट्झवर आणि नमुने सेकंदाला २४ लाख घेतले की १६६५ आणि १६६७ दोन्ही रेषा एकाच खिडकीत बसतात आणि मधला डीसीचा काटा (रिसिव्हरने स्वतःच तयार केलेली खोटी रेषा) दोन्हींपासून दूर राहतो. दोन्ही रेषा एकत्र असण्याचा फायदा मोठा आहे. धूमकेतूत १६६७ आणि १६६५ यांचे प्रमाण ९ : ५ यायला हवे. एकच रेषा दिसली, किंवा प्रमाण भलतेच आले, तर तो हस्तक्षेप समजावा.

५ मिनिटे धूमकेतूवर, ५ मिनिटे ८ अंश बाजूला. बीम सव्वाचार अंशांचा असल्याने त्याहून कमी सरकून उपयोग नाही. ओएचचा मेघ लाखभर किलोमीटरचा, म्हणजे त्या अंतरावरून ०.१ अंशाहूनही कमी. अचूक रोख धरण्याची चिंता नव्हती. चिंता होती ती वेगाची. जवळून जाताना धूमकेतूचा पृथ्वीसापेक्ष वेग दिवसाला ५ किलोमीटर प्रतिसेकंदांहून जास्त बदलतो आणि रेषा फक्त २ रुंद. दोन संध्याकाळींचे वर्णपट जसेच्या तसे मिळवले तर रेषा पसरून नाहीशी होते. नासाच्या जेपीएल होरायझन्स या ग्रह-धूमकेतूंची स्थाने देणाऱ्या संकेतस्थळावरून निरीक्षणस्थळाचे अक्षांश-रेखांश देऊन दर १० मिनिटांचा वेग काढला, प्रत्येक तुकडा त्याप्रमाणे सरकवला आणि मगच बेरीज केली. पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आपल्या अक्षांशावर ०.४४ किलोमीटर प्रतिसेकंदापर्यंत जातो, तोही स्थळ दिल्याशिवाय नीट धरला जात नाही.

साखळी बरोबर आहे हे आधी डब्ल्यू४९एन या ओएच मेसरवर, म्हणजे रेडिओत लेसरसारख्या जोरकस रेषा देणाऱ्या वायुमेघावर, पाहिले. गरुड समूहातला हा स्रोत कोकणातून जवळजवळ डोक्यावरून जातो, ८२ अंशांवर, आणि त्याची रेषा शेकडो जान्स्कींची आहे. अरुंद २ किलोहर्ट्झच्या खिडकीत तासाभराचा गोंगाट २६ जान्स्की. म्हणजे एका तासात ती स्पष्ट उठते, आणि उठली. मेसर दिसल्याशिवाय धूमकेतूकडे वळायचे नाही, हा क्रम पाळल्यामुळे पुढच्या 'काही दिसले नाही'ला अर्थ आला.

धूमकेतूवर ढग, विजा आणि जहाजांचे तुकडे वगळून कामाची ६ तासांची बेरीज उरली. गणिताने गोंगाट ४.८ जान्स्की यायला हवा होता. प्रत्यक्षात तासाभरानंतर तो वर्गमुळाच्या नियमाने उतरेना. धूमकेतू समुद्रावर ५ अंशांच्या खाली गेला की थेट आणि पाण्यावरून परतलेले असे दोन्ही मार्गांचे हस्तक्षेप बीममध्ये येत आणि तळरेषा लाटेसारखी हलत राही. १९४६मध्ये सिडनीजवळ डोव्हर हाइट्सच्या कड्यावर याच परावर्तनाचा वापर करून सूर्याचे रेडिओ स्रोत शोधले गेले. इथे मात्र ते त्रासदायक ठरले. १० अंशांखालचा सगळा डेटा टाकून दिल्यावर गोंगाट पुन्हा नियमाने वागू लागला, पण बेरजेचे तास घटले. निष्कर्ष : रेषा नाही. ६ तासांचा आदर्श गोंगाट धरला तरी तिप्पट गोंगाटाची मर्यादा १४ जान्स्की, म्हणजे सेकंदाला १४० टनांहून जास्त पाणी नाही, तेही असमानता ०.३ होती असे मानून. अहवालात हे गृहीतक मर्यादेच्या शेजारीच लिहिले गेले.

रसायन कुठून मिळवले

रासायनिक भागासाठी विद्यार्थ्यांनी चिलीतल्या अल्मा या अनेक ताटल्यांच्या रेडिओ दुर्बिणीच्या खुल्या संग्रहाकडे मोर्चा वळवला. तिथला बहुतेक डेटा वर्षभराने सर्वांसाठी खुला होतो. लेमन आणि आयसॉन या धूमकेतूंच्या २०१३च्या निरीक्षणांत हायड्रोजन सायनाइड गाभ्यापासूनच निघताना दिसते, तर फॉर्मल्डिहाइड आणि हायड्रोजन आयसोसायनाइड गाभ्यापासून दूर, कोमातच (गाभ्याभोवतीच्या वायूच्या मेघातच) तयार होतात. एका संगणकावर हे चित्र पुन्हा उभे करता येते.

इथे चुका वेगळ्या होतात. रेषेच्या क्षेत्रफळावरून रेणूंची संख्या काढताना तापमान लागते. हायड्रोजन सायनाइडच्या ८८.६ गिगाहर्ट्झच्या रेषेला ५० ऐवजी १०० केल्विन धरले तर उत्तर जवळजवळ दुप्पट होते. म्हणून मिथेनॉलच्या एकाच पट्ट्यातल्या अनेक रेषांवरून आधी तापमान काढावे. याच ८८.६च्या रेषेचे तीन उपघटक ३ : ५ : १ प्रमाणात असावेत. नसतील तर वायू दाट आहे किंवा तळरेषा चुकली आहे. अल्मासारखा इंटरफेरोमीटर (अनेक ताटल्या जोडून केलेली दुर्बीण) पसरट मेघाचा भाग गाळतो, त्यामुळे एकूण दर कमी भरतो. आणि पाण्याचा आकडा त्याच दिवसाचा घ्यावा. आठवड्यापूर्वीचा छेद आजच्या अंशाखाली ठेवला आणि मध्ये धूमकेतूचा उद्रेक झालेला असला तर टक्केवारी निरर्थक होते.

ताटलीसाठी पुढचा निकष

गणितातून एक सोपा निकष निघाला, आणि तो या प्रकरणातला टिकाऊ भाग आहे. पाण्याचा दर टनांमध्ये घ्या, सूर्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणा, पृथ्वीपासूनच्या अंतराच्या वर्गाने भागा. असमानता ०.३ असताना या संख्येला ०.०७ने गुणले की १६६७चे शिखर जान्स्कीत मिळते. त्सुचिनशान–ॲटलससाठी ३ टन धरून संख्या ४ येते. १९९७चा हेल–बॉप सेकंदाला ३०० टनांच्या घरात होता, पण १.३ एककांहून दूर. संख्या १४० आणि वेळ ३७ तास, शिवाय एवढ्या दाट वायूत रेणू एकमेकांवर आदळून असमानता पुसतात, म्हणजे प्रत्यक्षात याहून जास्त. १९९६चा ह्याकुताके त्याच्यापुढे लहानसा, सेकंदाला ५ टनांच्या आसपास, पण २५ मार्चला पृथ्वीपासून फक्त ०.१ एककावर. संख्या ५००च्या वर, शिखर ३७ जान्स्की, लागणारा वेळ अडीच तास.

म्हणून विभागाच्या यादीत आता धूमकेतू तेजस्वितेने लावलेले नाहीत. पृथ्वीपासून ०.१५ एककांच्या आत येणारा, त्या दिवशी असमानता शून्यापासून दूर असलेला आणि कोकणातून १० अंशांच्या वर किमान तीन तास राहणारा, या तीन अटी आधी तपासल्या जातात. १३५ मिलिमीटरचा फीड आगोटीच्या आधी उतरवून, धुऊन, सिलिका जेलच्या पिशवीसह बंद डब्यात ठेवला जातो. सप्टेंबरअखेर तो पुन्हा चढतो आणि सगळ्यांत आधी डब्ल्यू४९एनवर रोखला जातो.